ब्रायंट पार्क: डिझाईनने बिघडलेली आणि खुर्च्यांनी सावरलेली जागा

प्लेसमेकिंगचा, म्हणजे सार्वजनिक जागा लोकांना यावंसं, बसावंसं वाटेल अशी करण्याचा, विषय निघाला की न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचे दोन फोटो हमखास दाखवले जातात. एक सत्तरच्या दशकातला, ओसाड आणि घाण, दुसरा आत्ताचा, हिरवळीवर पाय ठेवायला जागा नाही असा. आणि सोबत सांगतात की बघा, चांगल्या डिझाईनने काय होतं. फोटो खरे आहेत पण निष्कर्ष मला पटत नाही, कारण या पार्कचं १९३४ साली डिझाईन झालं होतंच की, तेही स्पर्धा घेऊन, त्या काळातल्या सगळ्या चांगल्या समजुतींप्रमाणे, आणि पुढे पार्क हाताबाहेर गेलं त्यात त्या डिझाईनचा मोठा वाटा होता. जागा कशी चालते याबद्दल प्लॅनिंगवाल्यांची समज पन्नास-साठ वर्षांत कशी बदलत गेली ते या एकाच जागेवर सलग दिसतं, म्हणून ही केस नीट, मधलं काही न गाळता सांगायची आहे.

मी पुण्यात प्लॅनिंग शिकले, आता राहते न्यू जर्सीत आणि नोकरी मॅनहॅटनच्या मिडटाऊनमध्ये, त्यामुळे हे पार्क जाता-येता लागतं आणि हवा बरी असली की डबा घेऊन मी तिथेच जाते.

आधी जागेची ओळख. ४० आणि ४२ नंबरच्या रस्त्यांच्या मधे, पश्चिमेला सिक्स्थ अव्हेन्यू आणि पूर्वेला न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची मुख्य इमारत. लायब्ररीचं तोंड फिफ्थ अव्हेन्यूकडे, म्हणजे पार्क हे तिचं परसदार. जुना इतिहास भरपूर आहे, १८२३ ते १८४० इथे गोरगरीब आणि बेवारस मृतांची दफनभूमी होती, मग शेजारी क्रोटन जलाशय आला, १८५३ मध्ये क्रिस्टल पॅलेस नावाची काचेची प्रदर्शनाची इमारत उभी राहिली आणि १८५८ मध्ये जळून गेली, १८८४ मध्ये कवी आणि संपादक विल्यम कलन ब्रायंट यांचं नाव पार्कला मिळालं, पुढे जलाशय पाडून तिथे लायब्ररी झाली ती १९११ मध्ये उघडली. हे पटकन सांगून टाकते, कारण आपल्या कामाची गोष्ट १९३० नंतरची आहे.

भिंत का बांधली

१९२० च्या दशकात मेट्रोच्या कामासाठी पार्कचा बराच भाग वापरात होता, त्यात महामंदी आली. १९३३ मध्ये बेकार झालेल्या आर्किटेक्ट मंडळींसाठी पार्कच्या नव्या आराखड्याची स्पर्धा घेतली, ती क्वीन्समधल्या लस्बी सिम्पसन यांनी जिंकली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट मोझेस शहराचे पार्क कमिशनर झाले आणि त्यांनी ते काम झपाट्याने पूर्ण करून सप्टेंबर १९३४ मध्ये पार्क खुलं केलं. मधे मोठी चौकोनी हिरवळ, दोन्ही बाजूंना लंडन प्लेन झाडांच्या रांगा, दगडी कठडे, सरळ वाटा. आणि सगळं पार्क रस्त्यापासून साधारण चार फूट उचललेलं, भोवती भिंत, लोखंडी कुंपण, दाट झुडपं आणि आत यायला मोजकीच दारं.

आज कुठल्याही प्लॅनिंगच्या वर्गात हे चूक म्हणून शिकवतात पण तेव्हा त्यामागे कारण होतं. सिक्स्थ अव्हेन्यूवरून तेव्हा उन्नत रेल्वे धावायची, लोखंडी सांगाड्यावरून, प्रचंड आवाज करत, खाली रस्त्यावर कायम सावली. त्या काळची समजूत अशी की शहर म्हणजे गोंगाट आणि धूळ, आणि बाग म्हणजे त्यातून सुटका, म्हणून बाग जितकी रस्त्यापासून तोडलेली तितकी चांगली. माणसाला शांत, नीटनेटकी, सुंदर जागा द्या, तो तिथे येऊन शांत आणि नीटनेटका होईल. वरून नकाशात बघितलं तर हा आराखडा खरोखर देखणा आहे, मी तो खूप वेळ बघितलाय.

पण डिसेंबर १९३८ मध्ये ती रेल्वे बंद झाली आणि १९३९ मध्ये सांगाडाही उतरवला. ज्या आवाजासाठी भिंत घातली तो आवाज पाच वर्षांत गेला. भिंत आणि झुडपं मात्र पुढची जवळजवळ पन्नास वर्षं राहिली, आणि १९७४ मध्ये तर पार्कला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला त्यामुळे हात लावायचा तरी परवानगीची वेगळी प्रक्रिया आली. हा मुद्दा मला या केसमधला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो, कारण आपल्या शहरांमध्येही अशा कितीतरी भिंती, कितीतरी रेलिंग्ज आहेत ज्या कुठल्यातरी जुन्या आणि आता संपलेल्या कारणासाठी घातल्या होत्या आणि कुणी विचारलंच नाही की ते कारण अजून आहे का.

भिंतीमागे काय चाललंय ते रस्त्यावरून दिसत नाही. आत जायची वाट अरुंद, बाहेर पडायलाही तीच. ज्याला जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास उन्हात बसायचंय त्याला अशी जागा नको असते, एकट्या बाईला तर नकोच, आणि ज्याला ड्रग्ज विकायचेत त्याच्यासाठी मात्र यापेक्षा सोयीची जागा नाही, पोलीस आत येईपर्यंत चार जणांना कळलेलं असतं. साठच्या दशकाच्या शेवटापासून तिथे गर्दुल्ले आणि विकणारे यांचाच वावर वाढत गेला, १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं, बागांचे कर्मचारी कमी झाले, दिवे बंद, कचरा तसाच. आसपासच्या ऑफिसात हजारो माणसं आणि पार्कात ती माणसं जात नाहीत अशी अवस्था.

वरून बघणं सोडून खालून बघणं

आता थोडं बाजूला जावं लागेल. १९५८ मध्ये फॉर्च्युन मासिकात जेन जेकब्स यांचा एक लेख आला, शहराचा मध्यभाग माणसांसाठी असतो असं सांगणारा. तो छापणारे संपादक होते विल्यम एच. व्हाइट. जेकब्स यांनी पुढे १९६१ च्या पुस्तकात अधिकृत प्लॅनिंगवर जोरदार हल्ला चढवला, त्यांचं म्हणणं असं की रस्त्यावर माणसं असली, दुकानं उघडी असली, खिडक्यांतून लोक बघत असले की जागा आपोआप सुरक्षित राहते, आणि नुसती बाग केली म्हणजे वस्ती सुधारते ही समजूतच खोटी आहे, उलट आसपासची वस्ती जशी असेल तशी बाग होते. हे दोघंही आर्किटेक्ट नव्हते, प्लॅनरही नव्हते, दोघंही पत्रकार, आणि मला वाटतं त्यामुळेच त्यांना दिसलं, कारण बातमीदार आधी जाऊन बघतो आणि मग लिहितो.

त्याच १९६१ मध्ये न्यूयॉर्कने नवे झोनिंग नियम, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं याचे नियम, आणले. आपल्या भाषेत सांगायचं तर बिल्डरला जादा एफएसआय. इमारतीसमोर लोकांसाठी मोकळा चौक सोडा, सर्वात दाट भागात एक चौरस फूट चौकामागे दहा चौरस फूटपर्यंत जादा बांधकाम मिळेल. बिल्डरांनी अर्थातच भराभर चौक सोडले. आणि बहुतेक चौक रिकामे पडले. नियमात जागा सोडा एवढंच होतं, तिथे माणसाने बसायचं कुठे हे कुणी लिहिलंच नव्हतं, काही ठिकाणी तर कठड्यावर कुणी टेकू नये म्हणून खिळे लावलेले.

व्हाइट यांनी १९७० च्या सुमारास हाच प्रश्न घेतला, की काही चौक भरलेले आणि काही ओस असं का. काम करायची पद्धत अगदी साधी, गच्चीवर टाइम-लॅप्स कॅमेरे लावायचे, खाली वही घेऊन उभं राहायचं आणि मोजायचं. कोण कुठे बसतं, किती वेळ, एकटं की दोघं, बायका किती पुरुष किती. त्यातून निघालं ते बरंचसं सगळ्यांच्या अंदाजाविरुद्ध होतं. चौकाचा आकार फारसा महत्त्वाचा नाही, लहान चौकही भरतो. जिथे बसायला जागा आहे तिथे लोक बसतात, वाचायला हे फारच उघड वाटतं पण शहरभरच्या महागड्या चौकांमध्ये नेमकं तेच नव्हतं. लोकांना गर्दीपासून दूर जायचंय असं ते तोंडाने सांगतात आणि प्रत्यक्षात जिथे माणसं आहेत तिथेच येऊन बसतात. गप्पा मारायला थांबलेले लोक कडेला सरकत नाहीत, बरोबर रहदारीच्या मधोमध उभे राहतात. खाण्याचा गाडा आला की माणसं येतात, माणसं आली की आणखी माणसं येतात. आणि एखाद्या जागी बायकांचं प्रमाण कमी झालं की समजावं तिथे काहीतरी बिघडलंय, कारण बायका जागा जास्त पारखून निवडतात.

या कामाचा थेट परिणाम म्हणजे १९७५ मध्ये नियम बदलले, चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बसायची जागा सक्तीची झाली. एक फूट बसायला! प्लॅनिंगच्या नियमात माणसाचं बूड पहिल्यांदा मोजलं गेलं असं मी म्हणेन. त्याच वर्षी व्हाइट यांच्याबरोबर काम केलेल्या फ्रेड केंट यांनी प्रोजेक्ट फॉर पब्लिक स्पेसेस ही संस्था काढली, प्लेसमेकिंग हा शब्द पुढे जगभर नेण्यात तिचा वाटा मोठा आहे.

व्हाइट यांचा रिपोर्ट

१९७९ मध्ये रॉकफेलर ब्रदर्स फंडाने व्हाइट यांना ब्रायंट पार्कचा अभ्यास करायला सांगितलं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष ड्रग्ज विकणाऱ्यांवर होतं, त्यांना हाकला म्हणजे पार्क सुधारेल. व्हाइट यांनी उलटं मांडलं. त्यांचं म्हणणं असं की विकणारे हे मूळ कारण नाहीत, पार्क इतर लोक वापरत नाहीत म्हणून ती माणसं तिथे टिकली आहेत. आणि इतर लोक वापरत नाहीत कारण पार्क लपलेलं आहे, दिसत नाही, आत जावंसं वाटत नाही. त्यांचा उपाय: भिंत आणि झुडपं मोकळी करा, दारं रुंद करा, जास्त दारं द्या, पायऱ्या सोप्या करा, अपंगांसाठी उतार करा, खायची सोय करा, लोकांना यायला कारण द्या. नको असलेले लोक हा प्रश्न जेवढा मोठा दिसतो तेवढा नसतो, त्यांना आवरायला म्हणून आपण जे करतो, म्हणजे कुंपणं, खिळे, बाकं काढून टाकणं, त्यानेच जागा मरते, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. माझ्या मते या एका वाक्यासाठी व्हाइट प्रत्येक महापालिकेच्या उद्यान विभागात वाचले गेले पाहिजेत.

१९८० मध्ये ब्रायंट पार्क रिस्टोरेशन कॉर्पोरेशन स्थापन झालं. लायब्ररीशी आणि टाइम इन्क कंपनीशी जोडलेले अँड्र्यू हाइस्केल आणि तरुण डॅन बीडरमन हे त्यामागचे दोन लोक. बीडरमन यांनी व्हाइट यांचा रिपोर्ट अगदी पोथीसारखा पाळला असं दिसतं. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी जी फोटोवाल्या सादरीकरणात कधीच येत नाही, की मोठं बांधकाम सुरू व्हायच्या आधी सात-आठ वर्षं छोट्या छोट्या गोष्टी चालू होत्या. पुस्तकांचे स्टॉल, फुलांचे स्टॉल, संगीताची आणि नृत्याची स्वस्त तिकिटं विकणारं बूथ, रोजची साफसफाई, थोडे कार्यक्रम. म्हणजे भिंत अजून तशीच होती पण माणसांना आत यायला निमित्त मिळायला लागलं होतं.

मधे एक मोठं रेस्टॉरंट बांधायचा बेत झाला होता, लायब्ररीच्या पाठीला लागून, बराच भव्य. त्याला विरोध झाला, सार्वजनिक बागेत एवढी खाजगी इमारत कशाला म्हणून, आणि तो बारगळला. नंतर ह्यू हार्डी यांनी आखलेलं बरंच लहान रेस्टॉरंट १९९५ मध्ये उघडलं. भांडण झालं ते चांगलंच झालं, त्यामुळे जागा वाचली.

१९८८ मध्ये पार्क बंद केलं. लॉरी ओलिन यांच्या हॅना-ओलिन फर्मचा आराखडा, फुलांचे ताटवे लिंडन मिलर यांचे. १९३४ चा सांगाडा, म्हणजे हिरवळ, झाडांच्या रांगा, कठडे, हे ठेवलं. कुंपण काढलं, झुडपं काढली, दारं रुंद केली, नवी दारं पाडली. याच वेळी हिरवळीखाली लायब्ररीचं पुस्तकांचं भलंमोठं गोदाम खणलं, आज जिथे लोक चटई टाकून झोपलेले दिसतात त्याच्या काही फूट खाली लाखो पुस्तकं आहेत. १९९२ मध्ये पार्क पुन्हा उघडलं.

म्हणजे डिझाईनरने इथे केलेलं सगळ्यात मोठं काम काढून टाकण्याचं होतं. आपल्याकडे टेंडर निघतं ते नेहमी काहीतरी बांधायचं, काढायचं टेंडर सहसा निघत नाही, हे मला फार खटकतं.

खुर्ची

आता खुर्चीकडे येते कारण ती जवळून बघण्यासारखी आहे. हिरवी, घडीची, लोखंडी पाय आणि लाकडी पट्ट्या, वजनाला हलकी, एका हाताने उचलता येते. पार्कात अशा हजारो खुर्च्या आहेत आणि एकही जमिनीला जखडलेली नाही. सुरुवातीला चोरीला जातील अशी भीती होती. तसं फारसं झालं नाही.

व्हाइट यांनी पेली पार्क नावाच्या छोट्याशा खाजगी बागेत, ती १९६७ ची, लोकांना सुट्या खुर्च्या वापरताना बघितलं होतं. माणूस खुर्चीशी येतो, बसायच्या आधी ती चार इंच इकडे नाहीतर तिकडे सरकवतो, कधीकधी परत होती तिथेच आणतो, आणि मग बसतो. उन्हासाठी नाही, सावलीसाठी नाही, काही उपयोग नसतो. व्हाइट यांनी याचा अर्थ असा लावला की माणूस त्या हालचालीने जागा आपली करतो, आणि शेजारच्यालाही कळवतो की मी तुझ्या फार जवळ येत नाहीये. दुपारी तिथे बसलं की हे सारखं दिसतं. माझ्या शेजारी परवा दोघी बसल्या होत्या, मधे तिसरी खुर्ची ओढून तिच्यावर पाय आणि पर्सेस, एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी खुणेनेच विचारलं, दोघींनी पाय काढले, त्यांनी खुर्ची उचलून सावलीत नेली, थोडी वळवली आणि पेपर उघडला. कुणी एक शब्द बोललं नाही. सिमेंटच्या बाकावर हे होऊच शकत नाही, बाकावर एक कडेला बसला की दुसरा दुसऱ्या कडेला आणि मधली जागा रिकामी, किंवा मग चौघं मित्र असले तर एका रांगेत बसून मान वाकडी करून बोलतात.

पण सुटी खुर्ची म्हणजे रोजचं काम. कुणीतरी ती संध्याकाळी गोळा करतं, तुटलेली बाजूला काढतं, सकाळी परत मांडतं. इथे प्लेसमेकिंगच्या विचारातला तिसरा टप्पा येतो. १९३४ ला वाटलं की सुंदर आराखडा पुरे, १९७५ ला कळलं की माणसं बघून नियम करायला हवेत, आणि ब्रायंट पार्कने दाखवलं की त्यानंतर रोज कुणीतरी ती जागा चालवायला हवी, आणि त्याच्या हातात पैसे आणि अधिकार दोन्ही हवेत. पार्कचे कर्मचारी हातात क्लिकर घेऊन माणसं मोजतात, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, व्हाइट यांचा निकष अजून चालू आहे. ४२व्या रस्त्याच्या बाजूचं सार्वजनिक शौचालय तर बघाच, छोटी जुनी दगडी इमारत, आत ताजी फुलं ठेवलेली असतात आणि साफ करायला माणूस कायम हजर. मुंबईत लोकलने आयुष्य काढलेल्या माझ्या मामींना मी तिथे नेलं तेव्हा त्या पार्कपेक्षा त्या शौचालयाबद्दलच जास्त बोलत होत्या, आणि मला ते पूर्ण बरोबर वाटतं. बाई बाहेर किती वेळ थांबू शकते हे शेवटी यावर ठरतं.

पैसे कुणाचे, जागा कुणाची

पार्क शहराच्याच मालकीचं आहे पण ते चालवतं हे कॉर्पोरेशन, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रोजच्या खर्चाला शहराचा पैसा लागत नाही. आजूबाजूच्या इमारतींकडून घेतलेली जादा पट्टी, रेस्टॉरंटचं भाडं, कार्यक्रम, स्पॉन्सर यातून ते चालतं. शेजारच्या इमारतींचे भाव आणि भाडी वाढली, आज समोर बँक ऑफ अमेरिकाचा टॉवर उभा आहे त्याचा पत्ताच वन ब्रायंट पार्क. जागा चांगली झाली की आसपासच्या जमिनीची किंमत वाढते हे बिल्डर लोकांना इथे डोळ्यांसमोर दिसलं आणि तिथून प्लेसमेकिंग हा शब्द त्यांच्या ब्रोशरमध्ये गेला.

टीकाही तेव्हाच झाली. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी १९९५ मध्ये या पार्कबद्दल लिहिलं की ही कॉफी पाजून गप्प करण्याची पद्धत आहे, म्हणजे सार्वजनिक जागा खाजगी हातात जाते, कुणाला तिथे बरं वाटावं हे ते हात ठरवतात, आणि मध्यमवर्गाला सुरक्षित वाटतं तेवढ्यालाच यश म्हटलं जातं. मला ही टीका अर्धी पटते. अर्धी यासाठी की मी स्वतः तिथे एकटी बसते आणि माझ्यासारख्या शेकडो बायका बसतात, त्यात नर्स असतात, सफाईचं काम करणाऱ्या असतात, आया असतात मुलांना घेऊन, कुणी काही विकत घ्यायला लागत नाही, आणि हे १९७८ मध्ये शक्य नव्हतं. पण ऐंशीच्या दशकात या शहरात बेघर लोकांची संख्या खूप वाढली होती, आणि पार्कात रात्र काढणारे पार्क बंद झाल्यावर कुठे गेले याचा हिशोब कुठल्याही यशोगाथेत नसतो. आता रात्री पार्क बंद होतं, राखणारे असतात.

आणि खर्च स्वतः कमवायचा म्हटलं की पार्क विकावं लागतं, थोडं थोडं. १९९३ पासून फॅशन वीकचे तंबू वर्षातून दोनदा हिरवळीवर लागायचे आणि तेवढे दिवस हिरवळ लोकांची नसायची, ते २०१० मध्ये लिंकन सेंटरला गेले. हिवाळ्यात स्केटिंगची रिंक आणि दुकानांची जत्रा असते, रिंकला प्रवेश फुकट आहे पण बूट भाड्याने घ्यायचे तर पैसे मोजावे लागतात, आणि ते चांगलेच महाग पडतात. तेव्हा त्या दिवसांत मी तिकडे कमी जाते, गर्दी वेगळीच असते. दुसरं म्हणजे हे मॉडेल मिडटाऊनलाच झेपतं. ब्राँक्समधल्या एखाद्या बागेभोवती बँकांचे टॉवर नाहीत, मग तिथे जादा पट्टी कोण भरणार, तिथली बाग शहराच्या तुटपुंज्या बजेटवरच राहते.

२०११ ने आणखी एक गोष्ट दाखवली. ऑक्युपाय वॉल स्ट्रीट या आर्थिक विषमतेविरुद्धच्या आंदोलनाची मंडळी सार्वजनिक बागेत न बसता झुकॉटी पार्कमध्ये बसली, जे १९६८ मध्ये एका कंपनीने बांधकामाच्या सवलतीच्या बदल्यात केलेलं खाजगी मालकीचं पार्क आहे. कारण शहराच्या बागा रात्री बंद होतात आणि झुकॉटी चोवीस तास उघडं ठेवायची अट होती. १७ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर टिकले, मग पोलिसांनी उठवलं. आत्तापर्यंत जेवण, ऊन, खुर्ची, गप्पा यांचाच विचार झाला होता, निषेध करायला माणसाने कुठे बसायचं हा प्रश्न प्लेसमेकिंगवाल्यांच्या यादीतच नव्हता. आता नव्या पिढीचे प्लॅनर हाच प्रश्न आधी विचारतात, आधीपासून तिथे कोण होतं, निर्णय कोण घेतंय, उद्या भाडं वाढलं तर कोण जाईल.

दरम्यान खुर्च्यांची कल्पना रस्त्यावर उतरली. मे २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरच्या ब्रॉडवेवर गाड्या बंद केल्या आणि तयारी नीट व्हायच्या आधी लोकांना बसायला म्हणून स्वस्तातल्या बीचच्या खुर्च्या मांडल्या. लोक बसले. पक्कं बांधकाम नंतर झालं. आधी स्वस्तात करून बघा, मोजा, मग खर्च करा, ही पद्धत तिथून जगभर गेली, पण तिचं मूळ ब्रायंट पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलमध्ये आहे असं मी मानते.

आपल्याकडे

पुण्यात जंगली महाराज रोडचे फूटपाथ रुंद केले, झाडं ठेवली, बसायला जागा केली आणि संध्याकाळी तिथे खरंच लोक बसतात, आजोबा, कॉलेजची मुलं, सगळे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण बऱ्याच ठिकाणी आपण या केसमधलं दिसणारं तेवढं उचलतो, सेल्फी पॉइंट, रंगीत दिवे, शहराच्या नावाची मोठी अक्षरं. भिंत तशीच, दुपारी बागेला कुलूप, उद्घाटनानंतर देखभालीला पैसे नाहीत, आणि कुणी मोजत नाही की दुपारी तीनला तिथे किती बायका आहेत.

सगळ्यात उलटं आपण फेरीवाल्यांच्या बाबतीत करतो. न्यूयॉर्कने एक मेलेलं पार्क जिवंत करायला पुस्तकवाले, फुलवाले, खाण्याचे गाडे मुद्दाम आणून बसवले, आणि आपल्याकडे ते आधीच असतात, तर सुशोभीकरणाचं पहिलं काम म्हणजे त्यांना उठवणं. गर्दीच्या स्टेशनच्या जिन्यावर अडथळा नको हे मला मान्य आहे, २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत ही मर्यादा कायम ठेवली त्यामागचं कारण समजतं. पण तोच न्याय प्रत्येक फूटपाथला, प्रत्येक बागेच्या दाराला लावला तर संध्याकाळी सात नंतर तिथे उरतं कोण?

आणि आपल्याकडे यासाठी कायदा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य स्वतः विक्रेते आणि त्यांच्यातले एक तृतीयांश बायका. रस्त्याचा किंवा बागेचा आराखडा कन्सल्टंटकडे जायच्या आधी तो या समितीपुढे ठेवा, कणीस भाजणारी बाई कुठे बसते आणि का बसते ते तिलाच विचारा, तिची जागा ड्रॉइंगवर आखा, तिच्यासाठी पाण्याचा नळ आणि दिव्याचा पॉइंट त्याच टेंडरमध्ये घाला, आणि देखभालीची पाच वर्षांची रक्कम बांधकामाच्या रकमेबरोबरच मंजूर करून घ्या.